विषय : लेडीज टॉयलेटच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्टेशनांवरची, बस डेपोंमधली आणि रस्त्याकडेची टॉयलेटं ज्यांच्या टेबलावर फाइल बनून येतात ते सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, नोकरी बेलापूरला, आणि मला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आहे. होता असं लिहिता येत नाही, कारण काढला की काही महिन्यांनी तो परत येतो, मग परत काढतात, मग परत दुर्बीण घालून बघतात आणि बऱ्याचदा परत काहीतरी दिसतंच. माझा जो प्रकार आहे, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरातच राहणारा, खाली स्नायूत न घुसलेला, त्याची खोडच ती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत केसपेपरच्या मागे पिशवीचं चित्र काढून सांगितलं होतं, मॅडम हा लगेच जीव घेणारा नाही पण पाठ सोडणारा पण नाही, तेव्हा आपल्याला एकमेकांची तोंडं बरीच वर्षं बघायची आहेत. त्यांचं बोलणं असंच आहे. मला चालतं.

तुम्हाला हे कशाला सांगतेय, तर तुमच्या फाइलमध्ये माझ्यासारखं माणूस कुठेच नाहीये म्हणून. कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे एक तर डोक्याला स्कार्फ बांधून कॉटवर पडलेली बाई येते, नाहीतर 'कॅन्सरवर मात' वाली हसरी बाई जिचा महिला दिनाला पेपरात फोटो येतो. मी दोन्ही नाही. माझे केस शाबूत आहेत, वजन उलट वाढलंय, आणि सकाळी मी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडते. मधेच दोन-तीन दिवस ॲडमिट होते, थोडे दिवस घरी, की परत ऑफिसात सही. हे असंच चालणार आहे. बरी पण झालेली नाही आणि अंथरुणाला पण खिळलेली नाही अशी माणसं खूप आहेत हो, आणि ती तुमच्याच स्टेशनांवर उभी असतात, फक्त ओळखू येत नाहीत.

सुरुवात कशी झाली ते बायकांनी वाचावं म्हणून थोडक्यात लिहिते, तुम्ही हवं तर हा पॅरा सोडा. लघवीतून रक्त गेलं, दुखलं वगैरे काहीच नाही. पाळी जायचं वय, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या होतं असं ह्या वयात, मग इन्फेक्शन समजून गोळ्या झाल्या, थांबलं, परत गेलं, परत गोळ्या. न दुखता लघवीतून रक्त जाणं हेच ह्या कॅन्सरचं मुख्य लक्षण, आणि बायकांच्या बाबतीत ते नेमकं इन्फेक्शनच्या नाहीतर पाळीच्या नावावर खपून जातं आणि निदानाला उशीर होतो. पुरुषांना हा तीन-चार पट जास्त होतो आणि सगळ्यात मोठं कारण सिगरेट-तंबाखू. त्यामुळे नणंदेने फोनवर आवाज खाली करून विचारलं, वहिनी, तुम्ही कधी ते… म्हणजे कॉलेजात वगैरे? नाही हो वन्सं, मसाला सुपारीसुद्धा नाही. त्यानंतर नात्यातल्या सगळ्यांनी मिळून रबाळ्याच्या केमिकल कंपन्यांवर ठपका ठेवला. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो हे जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच सांगितलंय म्हणा, पण मी आयुष्यभर बसले ऑफिसातल्या खुर्चीत, त्यामुळे मला कशाने झाला ते देवाला माहीत, आणि आता त्याने फरक पण पडत नाही.

ऑपरेशनचं नाव टीयूआरबीटी. पोट कापत नाहीत, टाके नाहीत, लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून आतून खरवडून काढतात. कमरेत इंजेक्शन दिलं की खालचं अंग आपलं राहत नाही, पण आपण टक्क जागे, आणि बाजूला स्क्रीन असतो. पहिल्या वेळी मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. पुढच्या वेळी म्हटलं दाखवा मला. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर निळसर शिरा, आणि एका कोपऱ्यात पाण्यातल्या शेवाळासारखे हलणारे बारीक बारीक झुपके. तारेचा छोटासा फासा आला, जाळत कापत गेला, झुपके सुटून तरंगायला लागले. खरं सांगते, दिसायला सुंदर होतं. मग तीन तोंडांची नळी लावतात, एकीकडून सलाईन आत, दुसरीकडून बाहेर, कॉटला लटकवलेल्या पिशवीत लाल, मग गुलाबी, मग एकदाचं पिवळं. पिवळं झालं की घरी. सिस्टर बघायला यायच्या आत नवरा वाकून रंग बघून आलेला असतो आणि मला कोणता रंग आहे ते खोटं सांगतो.

त्यानंतर रिपोर्टची वाट बघायची. हाय ग्रेड (म्हणजे जास्त आक्रमक) की लो ग्रेड आणि नमुन्यात स्नायूचा तुकडा आलाय की नाही, एवढं मी आता कोणाला न विचारता वाचते. पहिल्या वेळी हाय ग्रेड निघाला म्हणून महिना-सव्वा महिन्यात परत त्याच जागी खरवडलं, काही मागे राहिलं नाही ना बघायला. तशी पद्धतच आहे. ऑफिसात मात्र हे समजावणं कठीण, आत्ताच तर झालं ना तुमचं, परत कसं काय, आधीच्या डॉक्टरने नीट काढलं नाही का? नीटच काढलं हो.

आणि मग बीसीजी. हो, तीच, बाळाच्या दंडावर देतात ती टीबीची लस. १९७६ साली कॅनडातल्या मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी ती लघवीच्या पिशवीत सोडून ट्यूमर परत येणं कमी होतं असं दाखवलं, आणि आज पण जगभर ह्या प्रकारावर मुख्य औषध तेच. आठवड्याला एक असे सहा डोस, मग काही महिन्यांच्या अंतराने तीन-तीनचे हप्ते, असं एक ते तीन वर्षं. नळीने आत सोडतात आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. नंतर सहा तास जेव्हा जेव्हा लघवी होईल तेव्हा भांड्यात ब्लीच ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग फ्लश, कारण त्यात जिवंत जंतू असतात आणि ते दुसऱ्याला लागू नयेत.

आता तुमचं काम इथे सुरू होतं, साहेब.

माझं हॉस्पिटल नवी मुंबईत. डोस दिला की दोन तास घरी जाऊन धरा म्हणतात, कॉट अडकवून ठेवत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं, बाहेर लाइन असते. टॅक्सीने ठाणे-बेलापूर रोडने एरवी पाऊण एक तासात घरी पोहोचतो. पण जुलै महिना, विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, आम्ही ऐरोलीच्या अलीकडेच अडकलो. आत आग, बाहेर हॉर्न, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये ब्लीचची बाटली कॅरीबॅगमध्ये गाठ मारून. दोन तास झाले, वर वीस मिनिटं झाली. रस्त्यावर एक टॉयलेट होतं, त्याला कुलूप. शेवटी नवरा पावसात उतरून एका हॉटेलात गेला, तिथला मॅनेजर म्हणाला टॉयलेट फक्त कस्टमरसाठी. ह्याने दोन चहा सांगितले, पैसे आधीच काउंटरवर ठेवले आणि मला हात धरून आत नेलं. मी आत गेले, झालं, ब्लीच ओतलं, आणि आता पंधरा मिनिटं थांबायचं. बाहेर वेटर दार वाजवतोय, मॅडम दुसऱ्यांना पण जायचंय. त्याला काय सांगू? की बाबा तुझ्याच भल्यासाठी उभी आहे? नाक ओढणीत धरून घड्याळ बघत उभी राहिले. बाहेर आले तर नवरा दोन्ही चहा समोर ठेवून बसला होता, एकाला पण हात लावलेला नाही.

हा झाला डोसचा दिवस. बाकीच्या दिवसांचं सांगते. धडधाकट माणसाच्या पिशवीत तीनशे ते पाचशे मिलिलीटर सहज मावतं. सतत खरवडून आणि बीसीजीने सुजून माझ्या पिशवीला आता तेवढं झेपत नाही, आणि लागते ती सांगून लागत नाही, लागली की लागलीच. बेलापूरपर्यंत पाऊण तास धरा. लोकलमध्ये टॉयलेट नसतं. म्हणून मी सकाळी चहा घेत नाही, पाणी पीत नाही. आणि डॉक्टर ओरडतात पाणी भरपूर प्या. दोघंही बरोबर.

आणखी एक गंमत. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी लांबच्या गाडीत स्लीपर आणि थ्री एसीला भाड्यात पूर्ण सवलत मिळते. म्हणजे ज्या गाडीत दोन्ही टोकांना टॉयलेट आहे तिथे मला तिकीट माफ, आणि मला जायचंय नेरूळ-बेलापूरला. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, ही सोय खरंच चांगली आहे, मी वापरते. एकदा एका काकांनी चांगलंच झापलं, ताई तुम्ही धडधाकट, लेडीज डब्यात जा ना. मी सर्टिफिकेट काढून दिलं. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचलं, अगदी शिक्क्यापर्यंत, आणि मग स्वतः सरकून जागा दिली आणि पुढे रोजच देतात. त्यांना स्वतःला प्रोस्टेटचा त्रास आहे असं नंतर कळलं. ते तर म्हणतात आमचं काय, आम्ही पुरुष माणूस, कुठेतरी कडेला उभं राहतो.

तेच ना. आम्ही कुठे उभं राहायचं?

एका स्टेशनवर मी उतरले. नाव घेत नाही, कारण मग तेवढ्याच स्टेशनच्या साहेबांना मेमो जाईल आणि बाकीचे सगळे सुटतील. जेन्ट्स उघडं, लेडीजला कुलूप. बाहेर पाटी, चोवीस तास सुरू. तिकीट खिडकीवर विचारलं तर सफाईवाल्याकडे बघा. सफाईवाला म्हणाला किल्ली सुपरवायझरकडे. सुपरवायझर कुठेत? ते दुसऱ्या स्टेशनला असतात ह्या टायमाला. का लावता कुलूप म्हटलं तर म्हणे बायका घाण करतात आणि संध्याकाळनंतर गर्दुल्ले शिरतात, म्हणून. आता गर्दुल्ले शिरतात म्हणून प्लॅटफॉर्मला कुलूप लावलंय का कोणी? मी त्या दिवशी जेन्ट्समध्ये गेले. हो, गेले. नवरा बरोबर नव्हता, एका कॉलेजच्या पोराला म्हटलं बाळा दारात उभा राहा आणि कोणाला आत सोडू नकोस. राहिला बिचारा, पाठ करून, कानात हेडफोन घालून.

जिथे उघडं असतं तिथे कडी नसते. एक हात दाराला, पर्स गळ्यात, ओढणी दातात. टांगायला खिळा नाही, ठेवायला फळी नाही, खाली ओलं. बायकांच्या लघवीला पैसे नाहीत असं पाटीवर लिहिलेलं असतं आणि पाटीखाली बसलेल्या मावशी पाच रुपये मागतात. मी देते, त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांना पगार किती आणि कधी मिळतो ते मी विचारलंय. २०११ पासून मुंबईत बायका 'राईट टू पी' म्हणत ह्याच गोष्टीसाठी भांडतायत, तेव्हा मी पेपरात वाचून पान उलटलं होतं, मला काय कल्पना.

एका माणसाची आठवण मात्र तुम्हाला करून द्यायचीच आहे. १९०९ साली बंगालमध्ये ओखिल चंद्र सेन नावाचे गृहस्थ फणस जास्त खाऊन गाडीत बसले, पोट बिघडलं, अहमदपूर स्टेशनला उतरून आडोशाला बसले आणि गार्डने शिट्टी मारली. एका हातात लोटा, एका हातात धोतर धरून धावले, पडले, प्लॅटफॉर्मवरच्या बाया-बाप्यांसमोर व्हायची ती शोभा झाली, गाडी गेली. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहिबगंजच्या ऑफिसला पत्र लिहिलं, गार्डला दंड करा नाहीतर पेपरात देतो. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ठेवलंय, आणि त्याच्यामुळेच खालच्या वर्गाच्या डब्यांत टॉयलेटं आली असं सांगतात. माझं मराठी त्यांच्या इंग्रजीपेक्षा बरं आहे अशी आशा आहे.

आणि हे काही मी एकटीचं रडगाणं लावलेलं नाही. डायबेटीसवाले आहेत, पोटुशी बायका आहेत, लघवी जास्त करवणारी गोळी घेणारे बीपीचे म्हातारे आहेत, आतड्याच्या कॅन्सरनंतर पोटावर पिशवी लावून फिरणारे आहेत, त्यांना तर ती रिकामी करायला जागा लागते. जपानमध्ये कित्येक स्टेशनांवर अशा लोकांसाठी कमरेच्या उंचीवर वेगळं बेसिन असतं. अमेरिकेत इलिनॉयने २००५ मध्ये कायदा केला, असा आजार असलेल्या माणसाने विचारलं तर दुकानदाराने कर्मचाऱ्यांचं टॉयलेट वापरू द्यायचं, एका शाळकरी मुलीला दुकानात नाही म्हटलं होतं त्यावरून तो आला. आपल्याकडे पण १५ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कोर्टांच्या आवारातल्या टॉयलेटच्या केसमध्ये सांगितलंय की स्वच्छ टॉयलेट मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुमच्या ऑफिसात निकालाची कॉपी नसेल तर मी प्रिंट आणून देते.

पोटावरच्या पिशवीचं मुद्दाम लिहिलं. गेल्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी पहिल्यांदा तो विषय काढला. बीसीजी देऊन पण हाय ग्रेड परत येत राहिला तर एका टप्प्यावर स्नायूत शिरायची वाट बघायची नसते, पिशवीच काढून टाकतात, बायकांमध्ये बहुतेक वेळा गर्भाशयासकट. मग आतड्याचा तुकडा घेऊन पोटावर वाट काढायची आणि तिथे चिकटवलेल्या पिशवीत लघवी थेंबथेंब जमत राहणार, कायमची. काही जणांना आतड्याचीच नवी पिशवी आत बसवता येते, माझं काय ते अजून ठरायचंय. मोठं ऑपरेशन आहे, कित्येक तासांचं. लेक तिथेच रडायला लागली. नवरा डॉक्टरांकडे बघत बसला. आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू, की चला, लोकलमध्ये घाई तरी लागणार नाही. तोंडातून निघूनच गेलं ते, आणि डॉक्टर एवढे हसले की बाहेरच्या सिस्टर आत डोकावल्या.

पण ती पिशवी पण दर काही तासांनी रिकामी करावी लागते, आणि तेव्हा मला दोन्ही हात लागतील. दार धरायला तिसरा नाही.

म्हणून आता मागणं काय ते ऐका. पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत लेडीज उघडं हवं, आणि गर्दुल्ल्यांचं भय असेल तर तिथे माणूस बसवा, कुलूप नको. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली कोणाकडे आहे त्याचं नाव आणि मोबाइल नंबर दारावर रंगाने लिहा, कागदावर नको, कागद फाटतो. आतून कडी. एक मजबूत हूक आणि एक फळी. नळाला पाणी. कॅन्सर किंवा असा आजार असलेल्याने हॉस्पिटलचं कार्ड दाखवलं तर लाइन सोडून आत जाऊ द्या, आणि हे अटेंडंट मावशींना आधी समजावून सांगा, नाहीतर भांडण आमचं आणि त्यांचं लागतं आणि तुम्ही एसीत. ह्यातल्या निम्म्या गोष्टींना टेंडर लागत नाही, कडी-हूक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि लावायला सुताराला अर्धा तास. मोठी, चकचकीत, फीत कापायची टॉयलेटं पण बांधा, नाही म्हणत नाही, पण आधी आहेत ती उघडा. मला बरं करा असं मी तुम्हाला सांगत नाहीये, ते काम दुसऱ्यांचं आहे आणि ते मन लावून करतायत.

माझी पुढची दुर्बीण दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत जिथे जिथे कुलूप दिसेल तिथला फोटो, स्टेशन आणि वेळ टाकून पाठवायचं मी ठरवलंय, माझ्याबरोबरच्या लेडीज डब्यातल्या दोघी-तिघी आणि दिव्यांग डब्यातले ते काका पण पाठवणार आहेत. कोणत्या टेबलावर पाठवायचे तेवढं कळवा.

आपली,
ठाण्याची एक पासधारक

ता. क. : उत्तर पाठवताना 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे' असं असेल तर त्या विभागाचं नाव आणि मजला पण लिहा, मला जिने फार चढवत नाहीत.